काम कुठून येतं?

2023 साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. त्यावर बातम्या झाल्या, अग्रलेख झाले. बहुतेकांचा सूर एकच होता: या पोरांना सरकारी नोकरीचं वेड लागलंय, बाहेरचं जग केवढं बदललं याचा त्यांना पत्ताच नाही. मला हे पटत नाही. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणाचे 2022-23 चे आकडे घ्या. देशात काम करणाऱ्या शंभरांपैकी साधारण 57 जण स्वयंरोजगारात, 22 जण रोजंदारीवर आणि दरमहा पगार घेणारे जेमतेम 21. त्या 21 जणांतही लेखी करार, भरपगारी रजा आणि पीएफ हे सगळं हाती लागणारे आणखी थोडे. म्हणजे अर्ज भरणाऱ्यांनी बाजार चुकीचा जोखलेला नाही. कायमची नोकरी दुर्मिळ आहे आणि दुर्मिळ गोष्टीच्या दारात रांग लागते, एवढं त्यांना नेमकं कळलेलं आहे. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं ते उरलेल्या 79 जणांबद्दल. हे लोक कसं कमावतात, त्यांच्या कामाचा दर कोण ठरवतं, नुकसान झालं तर ते कुणाच्या अंगावर पडतं आणि पाच-दहा वर्षांत तेच काम कसं पालटून जातं, याबद्दल दहावीपर्यंतच्या शाळेत अवाक्षर निघत नाही.

आठवी ते बारावीच्या शिक्षकांसाठी केलेला हा संग्रह त्या गप्प राहण्यावरचा उतारा म्हणून जुळवला आहे. मुलांना काय व्हायचंय हे ठरवून देणं हा त्याचा हेतू नाही. शाळेच्या दोन-तीन किलोमीटरच्या टापूत चाललेलं काम मुलांना नीट न्याहाळता यावं, त्याला प्रश्न विचारता यावेत, एवढीच त्याची धाव आहे. पण इथवर येईपर्यंत या विषयाने बराच प्रवास केलेला आहे. नव्याने वर्गात उभं राहणाऱ्या शिक्षकाला तो ठाऊक असलेला बरा, नाहीतर प्रत्येक नवं धोरण आकाशातून पडल्यासारखं वाटतं.

1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं असं सुचवलं होतं. त्याच निवेदनात शिक्षक कसा असावा, हेही त्यांनी सांगितलं: नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरायची ज्याला लाज वाटत नाही, असा. मला हा मुद्दा अभ्यासक्रमाच्या मुद्द्यापेक्षा मोठा वाटतो. पुढे भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिच्यातून ‘कमवा आणि शिका’ रुजलं, आणि गरिबाच्या पोराला शिक्षणाचा खर्च स्वतःच्या घामातून उभा करता येऊ लागला. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हस्तोद्योग हा एक जादा विषय न राहता त्याच्या आधाराने गणित, भूगोल, भाषा सगळंच शिकवावं, ही त्यामागची कल्पना. झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला.

नई तालीम का रुजली नाही, याची उत्तरं बहुधा शासनाच्या अनास्थेशी येऊन थांबतात. ते अर्धंच खरं आहे. दुसरं कारण आपल्या गावगाड्यात आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 मध्ये याच नावाच्या पुस्तकात बलुतेदारीची जी व्यवस्था टिपून ठेवली, तीत काम जन्माने ठरत होतं आणि कामावरून माणसाची पायरी. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या हाताचं काम अपमानासकट केलं, त्या घरातल्या बापाने पोराला शाळेत घातलं ते त्यातून सुटायला. तिथे पुन्हा टकळी आणि रंधा पाहून तो खूश होईल, अशी अपेक्षा धरणं म्हणजे त्याचा इतिहास न वाचणं. श्रमप्रतिष्ठेचे धडे देणाऱ्यांची स्वतःची मुलं मात्र त्याच काळात इंग्रजी शाळांतून वकील होत होती, हेही त्या बापाला दिसत होतं. आजही एखादी आई ‘आयटीआय नको, कसंही करून सायन्सला घाला’ म्हणते, तेव्हा त्या हट्टामागे हाच अनुभव असतो. कामाबद्दल शिकवायचं आणि जातीबद्दल बोलायचं नाही, हे महाराष्ट्रात तरी जमण्यासारखं नाही.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण नावं बदलत गेली आणि वर्गातलं चित्र फारसं बदललं नाही. कोठारी आयोगाने (1964-66) कार्यानुभव आणला, ईश्वरभाई पटेल समितीने 1977 मध्ये समाजोपयोगी उत्पादक कार्य. 1986 च्या धोरणाने तर 1995 पर्यंत उच्च माध्यमिकची 25 टक्के मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचं लक्ष्य ठेवलं. त्याच्या जवळपासही कुणी गेलं नाही. 19 ते 24 वयाच्या कामकऱ्यांत रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी, ही बाराव्या पंचवार्षिक योजनेतली कबुली 2020 च्या शैक्षणिक धोरणातही छापलेली आहे. आपल्याकडे टेक्निकल हायस्कुलं होती, अकरावी-बारावीला किमान कौशल्याचे अभ्यासक्रम आले आणि त्यांनी काही हजार घरं उभी केली, पण ‘मार्क कमी पडले म्हणून तिकडे गेला’ हा शिक्का काही पुसला गेला नाही. आणि कार्यानुभवाच्या तासाचं काय झालं, हे शिक्षकांना मी वेगळं सांगायला नको. गणिताचा पोर्शन राहिला की पहिला बळी त्याचाच.

अपवाद होते, आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधले शास्त्रज्ञ. नोकरी सोडून 1983 मध्ये त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय आठवी ते दहावीच्या शाळांत गेला. वेल्डिंग, वायरिंग, माती-पाण्याची तपासणी, रोपवाटिका, आहार आणि आरोग्य, सगळं करत करत शिकायचं. त्यातला कळीचा भाग असा की मुलांनी केलेलं काम गावाला उपयोगी पडायचं आणि त्याचे पैसे मोजले जायचे. गेट वाकडं झालं तर गिऱ्हाईक परत आणून टाकतं. हा धडा कुठल्याही प्रात्यक्षिक परीक्षेत मिळत नाही. तरीही मला पाबळच्या वाटेची एक मर्यादा वाटते. हाताला कौशल्य येतं, पण त्या कौशल्याचा बाजार कसा चालतो, हा प्रश्न बराचसा बाहेर राहतो.

या सगळ्याला समांतर चाललेली दुसरी परंपरा म्हणजे व्यवसाय मार्गदर्शनाची. तिचा उगम अमेरिकेतल्या बोस्टन शहरात. फ्रँक पार्सन्स या गृहस्थाने 1908 मध्ये तिथे व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं, आणि त्याच्या निधनानंतर 1909 मध्ये त्याचं या विषयावरचं पुस्तक आलं. त्याचं सूत्र साधं होतं: स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या आणि दोहोंची सांगड घाला. जॉन हॉलंडने 1959 मध्ये माणसांच्या आवडींचे सहा ढोबळ प्रकार मांडले. आजच्या बहुतेक कलचाचण्या त्यांच्यावर बेतलेल्या आहेत. डोनाल्ड सुपरचं म्हणणं वेगळं होतं. व्यवसाय एकदाच निवडून संपत नाही, तो आयुष्याच्या टप्प्यांबरोबर घडत जातो आणि त्याबरोबर माणसाची स्वतःबद्दलची कल्पनाही बदलते. जॉन क्रम्बोल्ट्झने तर योगायोगालाच सिद्धांतात जागा दिली: अनपेक्षित संधी येतातच, त्या ओळखायची आणि वापरायची सवय लावता येते. मार्क सॅविकस हा अलीकडचा अभ्यासक. माणूस आपल्या कामाची कहाणी स्वतः कशी रचतो, यावर त्याचा भर आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या गिडियन अरुलमणी यांनी या पाश्चात्त्य सिद्धांतांना एक नेमका प्रश्न विचारला. जिथे कामाची निवड घर, जात आणि पोटापाण्याची निकड मिळून करतात, तिथे एकट्या व्यक्तीची आवड मोजून काय हाती लागणार?

महाराष्ट्राने 2016 पासून काही वर्षं दहावीच्या लाखो मुलांची कलचाचणी घेतली. हेतू चांगला होता. पण ज्या मुलीने आयुष्यात प्रयोगशाळा, न्यायालय किंवा छापखाना आतून पाहिलेला नाही, तिला त्यातलं काय आवडतं असं विचारण्यात काहीतरी गफलत आहे. कल हा पाहण्यातून तयार होतो. आधी पाहू द्या, मग मोजा. एरवी शाळेत मार्गदर्शन म्हणजे जानेवारीत हॉलमध्ये होणारं एक व्याख्यान: पाहुणे, पुष्पगुच्छ आणि पदांची यादी. पूर्वी त्या यादीत डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर असायचे. आता ड्रोन पायलट, डेटा सायंटिस्ट आले आहेत. यादी नवी झाली, शिकवण्याची रीत तीच राहिली.

मुळात पदांची नावं हा बदल पाहण्याचा चांगला चष्मा नाही. 2013 मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या दोघांनी अमेरिकेतल्या 47 टक्के नोकऱ्या यंत्रांमुळे धोक्यात असल्याचा अंदाज मांडला आणि जगभर खळबळ उडाली. तीन वर्षांनी ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेसाठी अभ्यास करणाऱ्यांनी याच प्रश्नाचं उत्तर सुमारे नऊ टक्के असं काढलं. एवढी तफावत पडली ती मोजायच्या रीतीमुळे. पहिल्यांनी आख्खा व्यवसाय एक धरला, दुसऱ्यांनी त्या व्यवसायात माणूस दिवसभर जी वेगवेगळी कामं करतो ती सुटी केली. यंत्र सहसा आख्खी नोकरी एका घासात खात नाही. ते तिच्यातले तुकडे उचलतं, आणि उरलेल्या तुकड्यांची किंमत बदलते.

हे नववीच्या वर्गाला समजावून सांगायला ऑक्सफर्डला जायची गरज नाही. गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळी सहाला जाऊन उभं राहावं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी डेअरीचा सचिव दुधात लॅक्टोमीटर सोडायचा, मापाने दूध मोजायचा, नमुन्याच्या बाटल्या भरून ठेवायचा आणि आम्ल घालून फॅट काढायचा. मग वही, मग दहा दिवसांच्या बिलाची बेरीज. आता दूध काट्यावर जातं, विश्लेषक यंत्राची नळी नमुन्यात बुडते, थोड्याच वेळात फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांचे) आकडे पडद्यावर येतात, पावती निघते आणि पैसे खात्यात जमा होतात. मुलांना सचिवाच्या कामाचे तुकडे कागदावर लिहायला सांगा. मोजणं, तपासणं, लिहिणं, बेरीज करणं हे सगळं गेलेलं दिसेल. उरलेली यादीही तितकीच लांब असते. यंत्राचा आकडा मान्य नसलेल्या माणसाची समजूत काढणं. गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या खाली दर का उतरतो, ते सांगणं. कुणाची म्हैस आटली, कुणाला पशुखाद्य उधार द्यावं, कुणाला देऊ नये. यंत्र बिघडलं तर रांग थोपवून धरणं. मग दुसरा प्रश्न विचारायचा: काम सोपं झालं, तर सचिवाचं मानधन वाढलं की घटलं? आणि तिसरा: दुधाचा दर पडला तर तोटा कुणाचा, संघाचा, सचिवाचा की दूध घालणाऱ्याचा? या तीन प्रश्नांवर दोन तास निघतात. अर्थशास्त्र, रसायनशास्त्र आणि गावचं राजकारण एका जागी येतं. वर्गात मागच्या बाकावर बसणारं पोरगं त्या दिवशी सर्वांत जास्त बोलतं, कारण ते रोज किटली घेऊन तिथे जात असतं.

अशीच चिकित्सा उसाच्या फडात होते. बीडकडून येणारं जोडपं म्हणजे हिशेबात एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि आता फडात उतरलेला हार्वेस्टर. हार्वेस्टरला सरींमधलं अंतर मोठं लागतं, म्हणजे यंत्र आधी शेतकऱ्याची लागवड बदलतं आणि मग मजुराचं पोट. त्या यंत्राला चालक लागतो, मेकॅनिक लागतो, पण ज्याचा कोयता गेला त्यालाच तो चालक होता येतं का? हंगामी स्थलांतर करणाऱ्या घरांतली मुलं ज्या वर्गात बसतात, तिथे हा प्रश्न परीक्षेपुरता राहत नाही.

बदलाच्या जुन्या कहाण्याही मुलांना सांगायला हव्यात. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि आज त्या जमिनींवर मॉल नि टॉवर आहेत. हे केवळ यंत्रामुळे झालं नाही. जमिनीचा भाव, मालकांचे निर्णय, सरकारचं धोरण आणि यंत्रमागाकडे सरकलेलं कापड, हे सगळं त्यात होतं. उलट ऐंशीच्या दशकात बँकांत संगणक येताना संघटनांनी विरोध केला, वाटाघाटी केल्या आणि 1984 च्या रंगराजन समितीनंतर संगणकीकरणाला वेग आला. बँका बुडाल्या नाहीत, वाढल्या. खतावणी लिहिणाऱ्याचं काम मात्र संपलं आणि कर्ज-विमा विकणाऱ्याचं वाढलं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मुलांना कळतं, तंत्रज्ञान काय करेल हे तंत्रज्ञान एकटं ठरवत नाही.

2022 हे साल मला या संदर्भात फार बोलकं वाटतं. त्या वर्षी जूनमध्ये अग्निपथ योजना आली. ज्या सैन्यभरतीसाठी सातारा-सांगलीकडची पोरं पहाटे रस्त्यावर धावतात, तिची मुदत चार वर्षांची झाली आणि त्यानंतर कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. त्याच महिन्यात नीती आयोगाने ॲपवरच्या आणि तशा सुट्या कामांबद्दल अहवाल काढला: 2020-21 मध्ये असे कामगार 77 लाख, 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होण्याचा अंदाज. आणि नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. यातल्या तिसऱ्या घटनेवर शाळांमध्ये भरपूर बोललं जातं, पहिल्या दोन्हींवर जवळजवळ नाही. मला वाटतं, दहावीच्या मुलाच्या येत्या दहा वर्षांवर पहिल्या दोहोंची सावली जास्त गडद आहे. काम कोणतं, याइतकंच ते कोणत्या कराराने मिळतं हेही बदलत चाललं आहे.

म्हणून या संग्रहात हक्कांचा आणि हिशेबाचा भाग मुद्दाम मोठा ठेवला आहे. कौशल्य शिकवा म्हणणारे पुष्कळ, पगारपत्रक वाचायला शिकवणारं कुणी नाही. बेसिक किती आणि भत्ते किती, पीएफचे 12 टक्के कशावर कापले, तेवढेच मालकाने भरले का, 21,000 पर्यंत पगार असेल तर ईएसआयचे 0.75 टक्के गेले का आणि त्याच्या बदल्यात घरच्यांना दवाखाना कुठला मिळतो, व्यवसाय कर दरमहा 200 असताना फेब्रुवारीत 300 का कापला. (वर्षाची 2,500 ची बेरीज जुळवायला. हे पगार घेणाऱ्या अनेक मोठ्यांनाही माहीत नसतं.) बारावीनंतर पोरगं चाकणला किंवा शिरोलीला कंत्राटदारामार्फत कामाला लागलं की पहिल्या महिन्यात हा कागद त्याच्या हातात येतो, किंवा येत नाही. न येणं म्हणजे काय, हेही शिकवण्याचाच भाग आहे. ॲपवर काम करणाऱ्यांची व्याख्या कायद्यात पहिल्यांदा आली ती 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. ती वाचायला दहावीची समज पुरेशी असते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही, चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही, हे तर त्यांच्या स्वतःच्याच वयाबद्दल आहे. वर्गातली कितीतरी मुलं दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचून, हॉटेलात टेबलं पुसून आलेली असतात. त्यांना कामाची ओळख करून द्यायची भाषा थोडी जपूनच वापरावी.

मुलींचा प्रश्न वेगळा काढून एका प्रकरणात कोंबायचा नाही, असं आम्ही सुरुवातीलाच ठरवलं. सरकारी सर्वेक्षणात 2017-18 मध्ये 15 वर्षांवरच्या स्त्रियांपैकी कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या 23.3 टक्के होत्या, 2023-24 मध्ये 41.7. हा मोठा बदल आहे. पण यातली बरीच वाढ स्वयंरोजगारात आहे, आणि त्यात घरच्या शेतात, गोठ्यात, दुकानात बिनपगारी राबणाऱ्याही मोजल्या जातात. दूध संकलन केंद्राच्या पाठात म्हणूनच एक जादा प्रश्न घातला आहे: धार कोण काढतं आणि खातं कुणाच्या नावावर आहे?

2023 च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याने कामाचे तीन ढोबळ प्रकार केले आहेत: सजीवांबरोबरचं, यंत्र नि साहित्याबरोबरचं आणि माणसांच्या सेवेचं. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे जाण्याची कल्पना 2020 च्या धोरणात आहेच. ही दारं उघडी आहेत तोवर त्यांतून आत शिरावं, असं मला वाटतं. मात्र एक धास्ती आहे. दहा दिवसांची सहल होईल, फोटो निघतील, अहवाल अपलोड होईल आणि कुंभाराच्या चाकावर प्रत्येकाने एकदा हात ठेवला की काम संपलं. चाकामागचा प्रश्न, म्हणजे माती आता कुठून आणावी लागते, भट्टीला जळण किती लागतं, पणती कितीला जाते आणि कुंभाराचा मुलगा काय करतो, तो विचारल्याशिवाय परत येऊ नये.

पाठ लिहिणारे बहुतेक जण शिकवणारेच आहेत, म्हणून भाषा वर्गातली आहे आणि काही ठिकाणी उतावीळ आहे. ती मी फारशी घासली नाही. कुठल्या कोर्सला किती पगार, कोणत्या क्षेत्रात किती जागा, असले तक्ते इथे सापडणार नाहीत. ते छापून होईपर्यंत शिळे होतात, आणि अहिल्यानगरचा तक्ता गडचिरोलीत फसवा ठरतो. त्याऐवजी प्रत्येक विभागाच्या शेवटी कोरी पानं ठेवली आहेत. आपल्या तालुक्यातले मजुरीचे दर, एमआयडीसीतल्या ठेकेदारांच्या अटी, आयटीआयमधले चालू ट्रेड, बंद पडलेली दुकानं आणि नव्याने उघडलेली, हे मुलांनी स्वतः हिंडून भरायचं आहे. पेन्सिलने भरावं, कारण पुढच्या वर्षीच्या तुकडीला त्यातले बरेच आकडे खोडावे लागतील. आणि हे सगळं करायला वेळ कुठला, असं कुणी विचारेल तर वेळापत्रकात कार्यशिक्षणाचा तास अजून छापलेला असतो. मुख्याध्यापकांशी बोलून, गणिताच्या सरांशी थोडं भांडून, तो परत मिळवता येतो.